कायदा आणि उंबरठा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर साहित्यिक बोलले, संगीतज्ञ बोलले, इतिहाससंशोधकही बोलले. त्या मालिकेत माझ्यासारख्या सरकारी नोकराला गुंफण्यात मंडळाने औदार्य दाखविले आहे. मी विद्वान नाही. बी.ए.ची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि आयुष्याची उमेदीची वर्षे नियमांच्या पुस्तकांत गेली. म्हणून ज्या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध आला, तोच आज आपल्यापुढे मांडतो. माणसाने कसे जगावे, काय खावे-प्यावे, घरात कसे वागावे, हे सरकारने कोठपर्यंत ठरवावे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न नुसता तत्त्वाच्या पातळीवर मांडला की सभागृहातील सर्वांचे एकमत होते आणि घरी जाताना कोणाच्याच हाती काही लागत नाही. यास्तव मी एकच उदाहरण घेतो. ते दारूबंदीचे. आपण जन्माने ज्या प्रांताचे आणि पोटापाण्याने ज्या प्रांताचे, त्या मुंबई आणि मद्रास या दोन्ही प्रांतांनी हा प्रयोग मोठ्या श्रद्धेने केला. दोघांनीही त्याचे सर्व रंग पाहिले. गडकऱ्यांच्या तळीरामाने ‘आर्य मदिरा मंडळ’ काढले होते. आपले मंडळ त्या जातीचे नसले, तरी विषय आपल्याला परका नाही.

प्रथम मद्रासची हकीगत पाहू. १९३७ मध्ये राजाजी मद्रास इलाख्याचे मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून सेलम जिल्ह्यात त्यांनी दारूबंदी जारी केली. पुढे आणखी जिल्ह्यांत ती नेली. अबकारीचे उत्पन्न बुडणार हे त्यांना ठाऊक होते. ती तूट भरून काढण्यासाठी १९३९ मध्ये त्यांनी मद्रासमध्ये सर्वसाधारण विक्रीकर बसविला. आज देशभर आपण वस्तूंच्या खरेदीवर जो कर भरतो, त्याच्या वंशावळीत दारूबंदी बसलेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. एका माणसाची दारू सोडविण्यासाठी न पिणाऱ्या हजारांनी कर भरावा, हा तो सौदा होता. तो बरा की वाईट याबद्दल मतभेद होतील. पण त्यात लपवाछपवी नव्हती. सरकार उत्पन्न सोडीत होते आणि त्याची किंमत लोकांना उघडपणे सांगत होते.

युद्धकाळात बंदी स्थगित झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये ती सबंध मद्रास प्रांतात लागू झाली आणि जवळजवळ तेवीस वर्षे टिकली. १९७१ मध्ये करुणानिधींच्या सरकारने ती उठविण्याचे ठरविले. तेव्हा नव्वदी ओलांडलेले राजाजी त्यांच्या घरी गेले आणि हा निर्णय घेऊ नका अशी त्यांनी विनंती केली. ती मानली गेली नाही. मात्र १९७३-७४ मध्ये त्याच सरकारने दुकाने पुन्हा बंद केली. १९८१ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्या राजवटीत ती पुन्हा उघडली. १९८३ मध्ये घाऊक विक्रीसाठी सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि २००३ मध्ये किरकोळ विक्रीचाही मक्ता त्याच महामंडळाकडे आला. आज या शहरात ‘टास्मॅक’ म्हटले की महामंडळ कोणाच्या मनात येत नाही, कोपऱ्यावरचे दुकान येते. २०२३-२४ या एका वर्षात या विक्रीतून राज्याला पंचेचाळीस हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल मिळाला. गंमत अशी की ज्या कायद्याच्या आधाराने ही दुकाने चालतात, त्याचे नाव अद्याप ‘तामिळनाडू मद्यनिषेध कायदा, १९३७’ हेच आहे. पाटी राजाजींची आणि गल्ला सरकारचा!

आता मुंबईकडे वळू. तेथे १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि लवकरच बंदी पूर्ण अमलात आली. हेतू उदात्तच होता. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने राज्यांना मद्यनिषेधाचा प्रयत्न करण्यास सांगितले आहे, औषधी उपयोगाचा अपवाद ठेवून. परंतु कायदा अमलात आला तो परवान्यांच्या मार्गाने. परदेशी पाहुण्याला परवाना, प्रकृतीसाठी डॉक्टरच्या दाखल्यावर परवाना, अडीअडचणीला घरात ब्रँडीची बाटली ठेवायची तर त्याचा परवाना. ज्याची डॉक्टरशी ओळख आणि खिशात पैसा, तो कायद्याने ‘रुग्ण’ ठरून निर्धास्तपणे पीत असे. ज्याच्याजवळ यांतले काही नाही, तो हातभट्टीवर जाई आणि पकडला गेला तर गुन्हेगार ठरे. मुंबईत घरोघरच्या चोरट्या गुत्त्यांना ‘आंटीचा अड्डा’ हे नाव त्या काळात मिळाले. पुढे बंदी सैल झाली, दुकाने उघडली. पण कायद्याच्या पुस्तकात पिणाऱ्याने परवाना बाळगावा ही अट राहिली, आणि त्यातील आरोग्यरक्षणाची भाषाही राहिली. असंख्य सभ्य माणसे तो परवाना न घेता आपल्या घरी पितात. त्यांना कोणी पकडीत नाही. पण पकडता येते, ही गोष्ट शिल्लक राहते.

नियम राबविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाच्या दृष्टीने हे सर्वांत वाईट. जो नियम रोज सर्वांदेखत मोडला जातो आणि तरीही पुस्तकात जिवंत राहतो, तो शिपायाच्या हातातले हत्यार होतो. तो केव्हा वापरायचा आणि कोणावर, हे मग कायदा ठरवीत नाही. हत्यार धरणारा ठरवितो. बड्या सोसायटीतील दिवाणखान्यात ते हत्यार कधी जात नाही. झोपडपट्टीत मात्र ते दार ठोठावीत नाही.

या कायद्याला पहिल्याच वर्षी न्यायालयात आव्हान मिळाले. बलसारा खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. दारू जवळ बाळगण्याचा आणि पिण्याचा आपला हक्क आहे, इतकेच काय, युडीकोलनसारखे सुगंधी द्रव्य आणि मद्यार्क असलेली औषधेही या कायद्याने बंद होतात, अशी अर्जदाराची तक्रार होती. मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पिण्याच्या दारूवरील बंदी न्यायालयाने उचलून धरली; मात्र औषधे आणि प्रसाधने यांवरील बंदी रद्द केली. दारूची भलामण करणे हाही गुन्हा ठरविणारे कलम भाषणस्वातंत्र्याविरुद्ध म्हणून रद्द झाले. म्हणजे पेल्याला हात लावण्याची मुभा सरकारला मिळाली, जिभेला हात लावण्याची मिळाली नाही.

त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत न्यायालये हळूहळू घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचली आहेत. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील गोवंशहत्याबंदी कायम ठेवली. परंतु परराज्यात कायदेशीरपणे तयार झालेले मांस नुसते जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले. नागरिक आपल्या घरात काय खातो यात शिरण्यासाठी राज्याला फार भक्कम कारण लागते, असा त्या निकालाचा आशय होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. नागरिकाचे घर ही सरकारची कचेरी नव्हे, हे तत्त्व आता पक्के झाले आहे, आणि माझ्यासारख्या कचेरीतल्या माणसालाही त्याचा आनंद वाटतो.

येथे भाषण संपविता आले असते. टाळ्याही मिळाल्या असत्या. परंतु उंबरठ्याच्या बाहेर उभे राहून जे तत्त्व इतके सुंदर दिसते, ते उंबरठ्याच्या आतून कसे दिसते?

आपण मराठी माणसे आहोत, आणि मराठी माणसाला हा प्रश्न विचारण्यासाठी परदेशी ग्रंथ उघडावे लागत नाहीत. १९१९ मध्ये गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडविले. आता विचार करा. सुधाकर जे करतो, ते स्वतःच्या घरात करतो, स्वतःच्या पैशाने करतो, निदान पैसे संपेपर्यंत! त्याच्या खासगीपणात कोणी ढवळाढवळ करावी असे कायद्याचा विद्यार्थी म्हणणार नाही. पण त्या घरात सिंधूही राहते. घराचा उंबरठा ओलांडायला राज्याला मनाई केली, तर त्या मनाईने सुधाकराचे स्वातंत्र्य राखले जाते. सिंधूचे कोण राखणार? ‘घर’ हा शब्द आपण एकवचनी वापरतो आणि त्यातल्या सर्वांत बलवान माणसाच्या मर्जीला घराचे स्वातंत्र्य म्हणतो.

हाच वाद आपल्याकडे त्याहूनही आधी, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी झाला. विवाहित मुलींच्याही बाबतीत संमतीचे वय दहावरून बारावर नेण्याचा तो कायदा होता. परक्या सरकारने आमच्या घरच्या चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, अशी टिळकांची भूमिका होती. आगरकर ‘सुधारका’तून कायद्याच्या बाजूने उभे राहिले. विशेष हे की व्यक्तिस्वातंत्र्याचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता आगरकर होता. मिल् आणि स्पेन्सर वाचून ज्याने व्यक्तीचे मोठेपण मराठीत रुजविले, त्यानेच घरात शिरणाऱ्या कायद्याला पाठिंबा दिला. यात मला विसंगती दिसत नाही. आगरकरांची ‘व्यक्ती’ म्हणजे केवळ घरचा कर्ता पुरुष नव्हती. दहा वर्षांची मुलगीही त्यांच्या लेखी व्यक्ती होती. आणि टिळकांचाही दुसरा पैलू सांगितला पाहिजे. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर पिकेटिंग झाले, त्या चळवळीला टिळकांचे पाठबळ होते. घरात सरकार नको म्हणणारा नेता रस्त्यावरच्या दुकानाविरुद्ध उभा राहिला, आणि सरकार अबकारीच्या उत्पन्नासाठी त्या दुकानाच्या बाजूला होते. घर आणि दुकान यांत त्याने केलेला फरक आपण विसरता कामा नये.

तो फरक आजच्या तामिळनाडूत स्त्रियांनी पुन्हा शिकविला आहे. गेल्या दशकात या राज्यातील गावोगावच्या स्त्रिया दुकानांपुढे बसल्या. शशी पेरुमाळ हे वृद्ध गांधीवादी ३१ जुलै २०१५ रोजी, एक दुकान हलवावे म्हणून कन्याकुमारी जिल्ह्यात आंदोलन करताना, मरण पावले. त्यानंतर २०१६ मध्ये पाचशे, २०१७ मध्ये पाचशे आणि २०२३ मध्ये आणखी पाचशे दुकाने सरकारांनी बंद केली. महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा आदेशही याच राज्याच्या खटल्यातून निघाला. यांपैकी कोणी कोणाच्या कपाटात डोकावून पाहा असे म्हटले नव्हते. शाळेच्या वाटेवर, बसथांब्याजवळ, पगाराच्या दिवशी नवऱ्याच्या वाटेत सरकारनेच दुकान मांडून बसू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सकाळी धुण्याभांड्यांना एखादी अम्मा येते. तिच्या पगाराची तारीख आपल्याला माहीत असते. तो पगार तिच्या हाती किती तास राहतो, हे आपण सहसा विचारीत नाही. आपल्या गृहसंकुलांत संध्याकाळी व्यक्तिस्वातंत्र्यावर ज्या चर्चा होतात, त्यांना ती कधी नसते. तिला विचारले, तर ती दुकान बंद करा म्हणेल. तिचे हे मत अडाणीपणाचे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु घराच्या खर्चाचा, मारहाणीचा आणि मुलांच्या शाळेचा हिशेब तिच्याजवळ आहे, आपल्याजवळ नाही.

मग बंदी हाच उपाय मानावा काय? नाही, आणि याचीही कारणे अनुभवाची आहेत. विषारी दारूने अहमदाबादेत २००९ मध्ये शंभराहून अधिक माणसे दगावली, तेथे बंदी होती. मुंबईतील मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर दगावली, तेथे दुकाने उघडी होती. जून २०२४ मध्ये आपल्याच राज्यातील कळ्ळकुरिची येथे साठाहून अधिक लोक मिथेनॉलमिश्रित दारूने गेले, तेथेही सरकारी दुकाने होतीच. गरिबाला बंदी असली तरी विष मिळते आणि दुकान असले तरी, किंमत परवडली नाही तर, विषच मिळते. मिल्‌ने १८५९ मध्ये लिहून ठेवले आहे की किंमत वाढविणे ही ज्याला ती परवडत नाही त्याच्यापुरती बंदीच असते. या राज्यात १९८७ पासून ताडी बंद आहे आणि बाटलीबंद विदेशी पद्धतीची दारू खुली आहे. शेंदी-माडाच्या झाडावर चढणारा गुन्हेगार आणि कारखानदार करदाता, हा भेद नैतिकतेने केलेला नाही. महाराष्ट्रातही चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठविली गेली. शेजारी गडचिरोलीत मात्र १९९३ ची बंदी लोकांच्या चळवळीच्या बळावर टिकून आहे. एकाच राज्यात, शेजारच्या दोन जिल्ह्यांत, एकच कायदा दोन तऱ्हेने वागतो, याचा अर्थ कायद्याच्या शब्दांपेक्षा त्यामागे कोण उभे आहे याला अधिक महत्त्व आहे.

या दृष्टीने महाराष्ट्रातील ‘उभी बाटली, आडवी बाटली’ ही पद्धत मला मोलाची वाटते. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले, तर गावातले दुकान बंद होते. मतपत्रिकेवरील चित्र अक्षरशत्रू बाईलाही कळते. येथे मंत्रालयाने कोणावर सदाचार लादलेला नाही. ज्यांना झळ लागते त्यांनीच निर्णय केला आहे, आणि तोही दुकानाविषयी. शेजाऱ्याच्या घराची झडती घेण्याविषयी नव्हे.

आम्हा सरकारी नोकरांसाठी केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ आहेत. त्यांतील बाविसावा नियम मादक पेयांविषयी आहे. त्या त्या प्रदेशातील कायदा पाळावा, कामावर असताना नशेत असू नये, सार्वजनिक ठिकाणी पिऊ नये, नशेत लोकांत वावरू नये, अतिरेक करू नये, असे तो सांगतो. आपल्या नोकरांना जन्माने साधू करण्याचा त्याचा आग्रह नाही. ज्याच्या सहीवर लोकांचे काम अवलंबून आहे, त्याचा हात थरथरू नये एवढी काळजी त्यात आहे. सरकारने नोकरासाठी जी मोजपट्टी वापरली, तीच त्याने नागरिकासाठी वापरावी, इतकेच माझे म्हणणे आहे. तुमच्या वागण्याने दुसऱ्याला इजा होते तेथे कायदा कठोर असावा, आणि तो दुसरा तुमच्याच घरात राहत असला तरी असावा. पिऊन गाडी हाकणाऱ्याला, बायकोवर हात टाकणाऱ्याला खासगीपणाचा आडोसा नको. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तो आडोसा काढण्यास सुरुवात केली आहे. मात्र जेथे इजा नाही, केवळ सवय आहे, तेथे परवाने आणि दाखले मागून प्रामाणिक माणसाला खोटे बोलायला लावू नये. आणि ज्या सरकारला स्वतःच्या गल्ल्यासाठी दुकान चालवायचे आहे, त्याने निदान उपदेशाची पाटी तरी उतरवावी.

बंधुभगिनींनो, आपण घरापासून दूर आलेली माणसे आहोत. परप्रांतात राहणाऱ्याला स्वातंत्र्याची चव जरा अधिक कळते. आपल्या भाषेत बोलणे, आपला गणपती बसविणे, आपल्या पद्धतीने सण करणे, हे सर्व येथील समाजाने आपल्याला मोकळेपणाने करू दिले. म्हणूनच मंडळ सुवर्णमहोत्सव पाहत आहे. ज्यांना हा मोकळेपणा मिळाला, त्यांच्यावर तो इतरांना देण्याची जबाबदारीही येते. शेजाऱ्याच्या ताटात काय आहे याची चौकशी आपण करू नये. पण भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज आला, तर ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून खिडकीही लावून घेऊ नये. कायद्याने हे दोन्ही एकदम शिकविणे कठीण आहे. मंडळासारख्या संस्था, जेथे कुटुंबे एकमेकांना नावाने ओळखतात, ते सहज शिकवू शकतात. पुढील पन्नास वर्षांत आपल्या मंडळाच्या हातून हे कार्य घडो, अशी इच्छा व्यक्त करतो.